किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे: स्टेंट कुणी घ्यावा, कसा घ्यावा, नंतर काय सांभाळावं

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘रीनल आर्टरी स्टेनोसिस’ असं आलं की घरात लगेच स्टेंटची, म्हणजे नस उघडी राहावी म्हणून आत बसवायच्या बारीक जाळीदार नळीची, चर्चा सुरू होते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून, पोट न उघडता, आत नेलेला छोटा फुगा फुगवून अरुंद नस रुंद करता येते आणि दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं, हे खरं आहे. पण फुगा फुगवणं हा या उपचाराचा सोपा भाग. अवघड भाग त्याच्या आधी येतो. दिसलेली ब्लॉकेज आणि होणारा त्रास यांचा एकमेकांशी खरोखर संबंध आहे का, हे ठरवावं लागतं. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या किडनीच्या नसेत थोडीफार चरबी साठलेली सापडते आणि त्यातल्या बहुतेकांना ती कसलाही त्रास देत नसते. म्हणून या लेखात निर्णयाच्या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आत नेमकं काय घडतं

हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. नस अरुंद झाली की त्या बाजूच्या किडनीला कमी दाबाचं रक्त मिळतं आणि अंगातलं रक्तच कमी झालं असा तिचा समज होतो. ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, शरीरभरच्या रक्तवाहिन्या आकसतात, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं आणि बीपी चढतं. हॅरी गोल्डब्लाट या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चिमटा लावून हे दाखवून दिलं होतं.

नस अरुंद होण्याची कारणं मुख्यतः तीन, आणि कारणानुसार उपचार बदलतो. उतारवयात बहुधा चरबीचा थर असतो. तो महाधमनीतून किडनीची नस जिथे फुटते त्या तोंडाशीच बसतो. मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल हे त्याचे सोबती. दुसरं कारण फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया. हा मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो. यात नसेच्या भिंतीची घडणच बिघडते आणि अँजिओग्राफीत, म्हणजे नसांच्या चित्रात, ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. तिसरं टाकायासू आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतीला येणारी सूज. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराला चार ओळी मिळतात. आपल्याकडे मात्र मुलांत आणि तरुण मुलींत किडनीच्या नसेमुळे बीपी वाढलं तर टाकायासूचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

शंका कधी घ्यावी

बीपी तिशीच्या आत सुरू झालं आणि घरात तसा इतिहास नाही. पंचावन्ननंतर अचानक आणि जोरात सुरू झालं. वर्षानुवर्षं ताब्यात असलेलं बीपी एकाएकी उसळलं. तीन वेगवेगळ्या गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, पुरेशा मात्रेत नियमित घेऊनही बीपी खाली येत नाही. एक किडनी दुसरीपेक्षा दीड सेंटिमीटरहून लहान आहे. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: किडनीच्या नसा तपासल्या आहेत का?

दोन खुणा जास्त महत्त्वाच्या. एक म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल यांपैकी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) आधीच्या तीस टक्क्यांहून जास्त वाढणं. थोडी वाढ चालते. एवढी वाढ दिसली तर दोन्ही बाजूंच्या नसा, किंवा एकच किडनी असेल तर तिची नस, अरुंद असण्याची शंका येते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. दुसरी खूण म्हणजे हृदयाचं पंपिंग चांगलं असतानाही रात्री-अपरात्री अचानक फुप्फुसात पाणी भरून दम लागणं, आणि तेही पुन्हा पुन्हा. अशा माणसाच्या टूडी इकोबरोबर किडनीच्या नसांचा डॉप्लर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) झालाच पाहिजे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरचं बीपी नीट मोजून न्या. पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा. सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन वेळा मोजा आणि आठवडाभर वहीत लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बीपी मोजा. टाकायासूमध्ये हाताकडे जाणारी धमनीही बंद होत आलेली असू शकते. मग त्या हाताचं बीपी खोटं कमी येतं आणि तरुण मुलीचं धोकादायक बीपी कितीतरी काळ कुणाच्या लक्षातच येत नाही. दोन्ही हातांत मोठा फरक असेल किंवा नाडी लागत नसेल, तर पायाचं बीपी मोजायला सांगा.

तपासण्या कोणत्या क्रमाने

सुरुवात डॉप्लरपासून. यात डाय (नसा चित्रात उठून दिसाव्यात म्हणून रक्तात सोडतात ते औषध) लागत नाही, किरण नाहीत, खर्चही कमी. नसेतून रक्त किती वेगाने जातं ते पाहतात. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर असेल आणि महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त असेल, तर अरुंदपणा मोठा असण्याची शक्यता बरीच. पोटात गॅस असला तर नसा दिसत नाहीत, म्हणून सकाळी उपाशीपोटी जा. ही तपासणी करणाऱ्याच्या हाताला फार महत्त्व आहे. किडनीच्या नसांचा डॉप्लर नेहमी करणारं केंद्र निवडा, थोडं लांब असलं तरी चालेल. रिपोर्टमध्ये प्रत्येक किडनीची लांबी आहे ना, ते पाहा. रेझिस्टिव्ह इंडेक्स (किडनीच्या आत रक्ताला किती अडथळा होतो ते सांगणारा आकडा) ०.८ च्या वर असेल तर किडनीच्या आतल्या बारीक वाहिन्याही बऱ्याच खराब झालेल्या असू शकतात. पण त्या एका आकड्यावर उपचार नाकारू नयेत.

डॉप्लरमध्ये काही आढळलं तर पुढे सीटी अँजिओग्राफी. तिचं चित्र उत्तम येतं, पण आयोडिनचा डाय लागतो आणि कमजोर किडनीला तो बाधू शकतो. एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेलं नसांचं चित्र, हा दुसरा मार्ग. किडनी फारच कमजोर असेल तर तिथे वापरतात त्या गॅडोलिनियम या डायचाही विचार जपून करावा लागतो. डीटीपीए स्कॅनमधून दोन्ही किडन्या कामाचा किती-किती वाटा उचलतात हे कळतं, आणि एक किडनी लहान झालेली असेल तेव्हा ही माहिती फार मोलाची ठरते. टाकायासूची शंका असेल तर ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या करून सूज अजून धगधगते आहे का हे पाहायचं.

निर्णय: इथे घाई नको

चरबीमुळे अरुंद झालेल्या नसांबाबत दोन मोठे अभ्यास झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्ट्रल अभ्यासात ८०६ रुग्ण होते आणि २०१४ च्या कोरल अभ्यासात ९४७. दोन्हींत निम्म्यांना फक्त औषधं दिली, निम्म्यांना औषधांसोबत नस रुंद करण्याचा उपचार. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं असे मोठे प्रसंग कोरलमध्ये स्टेंटच्या गटात ३५.१ टक्के लोकांना आले आणि नुसत्या औषधांच्या गटात ३५.८ टक्के लोकांना. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. स्टेंटच्या गटात बीपी सरासरी दोनेक अंकांनी जास्त उतरलं, एवढंच. अ‍ॅस्ट्रलमध्ये या उपचारामुळे २३ जणांना गंभीर त्रास झाला, त्यांतले दोघे दगावले.

त्याआधीची कितीतरी वर्षं दिसली ब्लॉकेज की टाक स्टेंट अशी पद्धत होती. या आकड्यांनी ती थांबवली आणि ते योग्यच झालं. बीपी दोन गोळ्यांत ताब्यात आहे, क्रिएटिनिन स्थिर आहे आणि सहज केलेल्या स्कॅनमध्ये साठ टक्के ब्लॉकेज सापडली, अशा माणसाला स्टेंटची गरज नसते. त्याला लागतात त्या नियमित गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), तंबाखू सोडणं आणि ठरावीक काळाने तपासणी.

पण याच आकड्यांवर बोट ठेवून गरजू माणसाला परत पाठवलं जातं, याचीही मला तितकीच काळजी वाटते. ज्यांची प्रकृती झपाट्याने ढासळत होती असे रुग्ण या अभ्यासांत फारसे नव्हतेच. फुप्फुसात वारंवार पाणी भरणारा रुग्ण, दोन्ही नसा किंवा एकुलत्या किडनीची नस अरुंद होऊन काही महिन्यांत क्रिएटिनिन चढत गेलेला रुग्ण, चार-पाच गोळ्यांनाही बीपी न जुमानणारा रुग्ण, यांना स्टेंटचा फायदा होण्याची शक्यता खरी आहे. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसियाची गोष्ट तर वेगळीच. त्यात बहुधा नुसत्या फुग्याने काम होतं, स्टेंट लागत नाही, आणि बीपी नुकतंच सुरू झालेलं असेल तर गोळ्या पूर्ण सुटण्याचीही चांगली आशा असते. अशा तरुण स्त्रीला आयुष्यभर गोळ्यांवर ठेवण्याआधी नसांची तपासणी झालीच पाहिजे.

टाकायासूमध्ये वेळ साधावी लागते. सूज चालू असताना फुगा घातला तर नस पुन्हा लवकर आवळते. आधी स्टिरॉइड आणि इतर औषधांनी सूज शांत करायची, मग नसेला हात लावायचा. भिंत जाड आणि चिवट असल्याने फुगा जास्त दाबाने किंवा अनेकदा फुगवावा लागतो.

ब्लॉकेज किती टक्के हा आकडा कसा वाचायचा? पन्नासच्या आत असेल तर सहसा सोडून द्यायचं. सत्तरच्या वर असेल तर गांभीर्याने घ्यायचं. मधल्या पट्ट्यात डोळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून अँजिओग्राफीच्या वेळी बारीक तारेने अरुंद जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. वरच्या दाबात २० अंकांचा किंवा सरासरी दाबात १० अंकांचा फरक असेल तर अडथळा खरा मानतात. मोजणार आहात का, हे आधीच विचारा. किडनीची लांबी सात-आठ सेंटिमीटरच्या खाली गेली असेल, तर नस उघडूनही ती किडनी परत कामाला लागण्याची शक्यता फार कमी राहते.

निर्णयाच्या वेळी किडनीविकारतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष नळी घालणारे डॉक्टर (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा कार्डिओलॉजिस्ट) अशा दोघांचंही मत घ्या. आमच्या माणसाला यातून नेमका कोणता फायदा होईल, बीपी उतरेल, क्रिएटिनिन थांबेल की दम लागणं बंद होईल, असं थेट विचारा. “ब्लॉकेज आहे म्हणून” एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्या. बीपीसाठी किडनीच्या नसेभोवतालच्या मज्जातंतूंना ऊर्जा देऊन त्यांचं काम कमी करणारा एक उपचारही आला आहे, रीनल डिनर्व्हेशन नावाचा. तो नस अरुंद झालेल्यांसाठी नाही, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

आदल्या आठवड्याची तयारी

सगळ्या गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी एका फाईलमध्ये ठेवा. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी आणि ईसीजी हे बहुतेक ठिकाणी करून घेतात. आधी कधी डायची रिअ‍ॅक्शन आली असेल, दमा असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते स्वतःहून सांगा, कुणी विचारेल याची वाट पाहू नका.

औषधांपैकी चारांबद्दल लेखी सूचना मागा. मेटफॉर्मिन: इथे डाय थेट किडनीच्या नसेत जातो, म्हणून ते थांबवतात आणि ४८ तासांनंतर क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा देतात. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या की नाही. रक्त पातळ करणारी औषधं कधी थांबवायची. इन्सुलिन उपाशीपोटी किती घ्यायचं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र आधीपासूनच बंद, आणि नंतरही नकोत.

डायपासून किडनी वाचवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे शरीरात पुरेसं पाणी आणि कमीत कमी डाय. क्रिएटिनिन जास्त असेल तर आधी काही तास सलाईन लावतात. हृदय कमजोर असेल तर तेही मोजून. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या अनेक वर्षं दिल्या गेल्या, पण २०१८ मध्ये आलेल्या प्रिझर्व्ह या मोठ्या अभ्यासात त्यांचा उपयोग दिसला नाही. त्या घेतल्या म्हणून सलाईनकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. डाय फारच धोक्याचा असेल तर काही केंद्रांत कार्बन डायऑक्साइड वायू वापरूनही नस दाखवता येते.

खर्चाचं आधी बोलून घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, हा उपचार आणि स्टेंट योजनेत बसतो का ते विचारा. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. मुंबईत केईएमसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा विभाग आहे, तिथेही चौकशी करता येते.

कॅथलॅबमध्ये

चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. भूल सहसा फक्त त्या जागेपुरती, त्यामुळे तुम्ही जागे असता. जांघेतून किंवा मनगटातून धमनीत एक छोटी नळी बसवतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि त्यातून कॅथेटर नावाची लांब बारीक नळी किडनीच्या नसेच्या तोंडापर्यंत नेतात. डाय गेला की कमरेभोवती ऊब पसरते. घाबरू नका, ती काही सेकंदांत ओसरते.

मग केसाएवढी बारीक तार अरुंद जागेतून पलीकडे जाते. हा सगळ्यात नाजूक क्षण. महाधमनीच्या भिंतीवरची चरबी खरवडली गेली तर तिचे कण किडनीत किंवा पायाच्या बोटांकडे जाऊ शकतात. म्हणून अनुभवी डॉक्टर कॅथेटरचं टोक भिंतीला टेकू न देता तार आत सरकवतात. तारेवरून फुगा जातो आणि काही सेकंद फुगवला जातो. मोठ्या माणसात ही नस साधारण पाच-सहा मिलिमीटर रुंद असते, त्यानुसार माप घेतात. चरबीची ब्लॉकेज नसेच्या तोंडाशी असेल तर स्टेंट बसवतात, आणि तोंड नीट झाकलं जावं म्हणून तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर महाधमनीत डोकावेल असा ठेवतात.

फुगा फुगताना कुशीत किंवा कमरेत बोथट दुखतं आणि फुगा सोडला की थांबतं. दुखणं तीव्र असेल किंवा फुगा उतरवूनही राहिलं तर लगेच मोठ्याने सांगा. नस जास्त ताणली जाते आहे किंवा फाटली आहे, याची ती पहिली खूण असू शकते आणि डॉक्टर तेव्हाच थांबू शकतात, उपाय करू शकतात. सहन करून गप्प पडून राहू नका.

सगळं सुरळीत असेल तर तासाभरात आटोपतं.

पहिले दोन दिवस

जांघेतून केलं असेल तर नळी काढून दाब देतात आणि पाय चार ते सहा तास सरळ ठेवायला सांगतात. मनगटातून केलं असेल तर लवकर उठता येतं. काही जणांचं, विशेषतः तरुणांचं, बीपी काही तासांतच झरझर उतरतं. म्हणून जुन्या बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे देऊन टाकायच्या नाहीत, प्रत्येक गोळीआधी नर्सला बीपी पाहायला सांगा. लघवी किती होते याची नोंद ठेवा. क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा ४८ ते ७२ तासांनी करायचं असतं. लवकर घरी सोडलं तर दुसरी तपासणी गावातल्या लॅबमध्ये करा, पण चुकवू नका.

पाठीत किंवा कुशीत वाढत जाणारी वेदना आणि सोबत घाम, चक्कर, बीपी पडणं हे पोटाच्या मागे आतल्या आत रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. जांघेत फुगत जाणारी गाठ, पाय गार किंवा बधिर पडणं, पायाची बोटं निळी-जांभळी होणं किंवा कातडीवर जाळीसारखे डाग उमटणं, लघवी अगदी कमी होणं, ताप येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोटं निळी पडण्यासारखा प्रकार काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतो, त्यामुळे घरी गेल्यावरही पाय पाहत राहा.

जांघेतून उपचार झाला असेल तर चार-पाच दिवस उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, जड हंडा-बादली उचलणं आणि दुचाकी टाळा. घरी कमोड नसेल तर खुर्चीच्या कमोडची सोय आधीच करून ठेवा.

पुढची वर्षं

स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या बहुधा एक ते तीन महिने देतात, पुढे अ‍ॅस्पिरिन चालू राहते. दात काढायचा असला तरी या गोळ्या विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. चरबीमुळे आजार असेल तर स्टॅटिन कायम, कारण हृदयाच्या आणि मेंदूच्या नसांतही तोच आजार सुरू असतो. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट, सगळं बंद. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया असेल तर मानेच्या आणि डोक्याच्या नसांची तपासणी एकदा करून घ्यावी.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. मात्र ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. कमजोर किडनी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी यांच्या जोडीला ते आलं तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. किडनी साफ करणारे म्हणून विकले जाणारे काढे आणि भस्मं यांच्यापासूनही लांब राहा.

डॉप्लर साधारण पहिल्या महिन्यात, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. स्टेंटमध्ये नस पुन्हा आवळण्याचं प्रमाण कमी नाही. साधारण दहा जणांत एक-दोघांना तसं होतं, टाकायासूत त्याहून जास्त. ताब्यात आलेलं बीपी पुन्हा चढू लागलं किंवा क्रिएटिनिन हललं, तर नुसती गोळी वाढवून समाधान मानू नका, त्याच आठवड्यात डॉप्लर करा. पुन्हा आवळलेली नस बहुतेक वेळा परत फुग्याने उघडता येते. तेही शक्य नसेल आणि किडनी वाचवण्यासारखी असेल तर शस्त्रक्रियेने बायपास करण्याचा पर्याय अजून शिल्लक असतो.

मूल हवं असलेल्या तरुण स्त्रीने ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगावी. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलच्या जातीतल्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, त्या आधीच बदलाव्या लागतात. नसेचा उपचार, सूज शांत होणं आणि बीपी स्थिरावणं हे सगळं दिवस राहण्यापूर्वी उरकलेलं असलं तर बाळंतपण आई आणि बाळ दोघांसाठीही पुष्कळ सुरक्षित होतं.